कर्णकर्कश संगीत आणि भरवशाचा पगार

३० जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ब्रॉड स्ट्रीटवरून एक अंत्ययात्रा गेली. रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसे उभी होती. शवपेटिकेपुढे पितळी वाद्यांचा एक बँड मृताचीच गाणी वाजवीत चालला होता. काळे कपडे घातलेली, केस पिकलेली माणसे उघडपणे डोळे पुसत होती. हा सन्मान कोणा सेनापतीचा वा मुत्सद्द्याचा नव्हता. 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाचे गायक ऑझी ऑस्बोर्न २२ जुलै रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी निवर्तले होते. ज्या शहराने त्यांना असा निरोप दिला, त्याच शहराच्या तुरुंगात वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी घरफोडीबद्दल काही आठवडे काढले होते. दंड भरायला पैसे नव्हते आणि वडिलांनी तो भरण्यास साफ नकार दिला होता.

त्या आठवड्यात जगभरच्या वृत्तपत्रांतून जे मृत्युलेख आले, त्यांत एक कथा पुनःपुन्हा सांगितली गेली. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातील चार गरीब कामगारपुत्र. धूर, घण आणि यंत्रे यांनी भरलेले बालपण. त्या यंत्रांचाच आवाज गिटारीत उतरला आणि 'हेवी मेटल' नावाचा संगीतप्रकार जन्मास आला. कथा सुबक आहे आणि तिच्यात सत्याचा अंशही आहे. परंतु तिच्यातून सहज निघणारा निष्कर्ष, म्हणजे दारिद्र्य ही कलेची जन्मदात्री आहे आणि हालअपेष्टांच्या आचेतूनच प्रतिभा तावून सुलाखून निघते हा निष्कर्ष, तपासून पाहण्यासारखा आहे. तो ऐकणाऱ्यांना फार सोयीचा असतो. गरिबीच जर कला घडवीत असेल, तर कलेसाठी कोणी काही करण्याचे कारणच उरत नाही.

पहिला प्रश्न काळाचा. बर्मिंगहॅममध्ये घण काही १९६८ साली पडू लागले नव्हते. 'हजार धंद्यांचे शहर' ही त्या गावाची ख्याती एकोणिसाव्या शतकापासूनची. बटणे, बंदुका, लेखण्यांची टोके, सायकली, मोटारींचे भाग असे काय वाटेल ते तेथे बनत असे. तेथील कामगाराच्या चार-पाच पिढ्या तोच आवाज ऐकत जन्मल्या आणि मेल्या. गरिबी तर आधीच्या पिढ्यांची कितीतरी अधिक दारुण होती. मग हे संगीत १८९० साली का नाही, १९३२ सालच्या भीषण मंदीत का नाही, आणि १९६८-६९ सालीच का? विजेची गिटार आणि ध्वनिवर्धक नंतर आले, हे अर्थातच एक उत्तर आहे. पण ती वाद्ये विकत घेणे कामगाराच्या मुलाच्या आवाक्यात कसे आले, आणि ती शिकण्यासाठी लागणारी दोन-चार वर्षे त्याला कोणी दिली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

चौघांची हकिगत जरा बारकाईने पाहावी. टोनी आयोमी, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बोर्न हे तिघे १९४८ सालचे. गीझर बटलर १९४९ सालचा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, म्हणजे ही मुले तिच्याच वयाची. (योगायोग असा की, या चौघांचा अखेरचा कार्यक्रम ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर २०२५ च्या ५ जुलैलाच झाला.) बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांचे ढिगारे हे त्यांचे क्रीडांगण होते. ऑस्बोर्नच्या घरी सहा भावंडे आणि छोटेसे घर. वडील एका विद्युत-कंपनीत रात्रपाळीला टूलमेकर, आई मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या लूकस कारखान्यात कामाला. बटलरचे घर आयरिश कॅथलिक, मुलांनी भरलेले. आयोमीच्या आईवडिलांचे छोटे दुकान होते. ही घरे सुखवस्तू नव्हती. पण ज्या घरात दोन पगार येतात आणि ते पुढच्या आठवड्यातही येणार याविषयी कोणाला शंका नसते, त्या घराला निव्वळ 'गरीब' म्हणून मोकळे होणे बरोबर नाही.

ऑस्बोर्नने पंधराव्या वर्षी शाळा सोडली. वाचन-लेखनाशी त्याचे कधी जमलेच नाही. शब्दांधत्वाचे निदान फार पुढे झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत तो नळजोडणी करणाऱ्याच्या हाताखाली होता, टूलमेकरकडे उमेदवार होता, लूकसमध्ये मोटारींच्या भोंग्यांचा सूर जुळवीत होता आणि कत्तलखान्यात जनावरे कापीत होता. आजचा वाचक ही यादी वाचून हळहळतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिच्यातील लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. एक नोकरी सुटली की दुसरी मिळत होती! शिक्षण नाही, शिस्त नाही, पुढे तुरुंगाचा शिक्काही बसलेला, अशा मुलालाही बर्मिंगहॅममधील कारखानदार कामावर घेत होते. ती त्यांची दयाबुद्धी नव्हती. त्यांना माणसे मिळत नव्हती.

१९६६ सालापर्यंत ब्रिटनमधील बेकारीचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आतबाहेर होते आणि मोटार-उद्योगाच्या भरभराटीमुळे मिडलंड्स भागातील स्थिती देशाच्या सरासरीपेक्षाही बरी होती. विल्यम बेव्हरिज यांनी १९४४ साली पूर्ण रोजगाराची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, काम शोधणाऱ्या माणसांपेक्षा माणसे शोधणारी कामे नेहमी अधिक असली पाहिजेत. ॲस्टनच्या या मुलांनी बेव्हरिजचे नावही कदाचित ऐकले नसेल, पण त्यांचे तारुण्य त्या व्याख्येच्या आत गेले. त्याच्याही एक वर्ष आधी, १९४३ साली, पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेत्स्की यांनी इशारा दिला होता की, कायमचा पूर्ण रोजगार भांडवलदारांना फार काळ मानवणार नाही. कारण एकच: नोकरीवरून काढून टाकण्याच्या धमकीतला दम निघून जातो आणि कामगार बेशिस्त होतो. कालेत्स्कींच्या डोळ्यांसमोर संप होते, वेतनवाढीच्या मागण्या होत्या. बेशिस्त झालेला कामगार गिटार घेऊन जर्मनीला निघून जाईल, ही शक्यता त्यांनी बहुधा विचारात घेतली नसावी.

टोनी आयोमी नेमका तेच करायला निघाला होता. १९६५ साली, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या एका कारखान्यात तो सांधजोडणीचे काम करीत होता. एका बँडबरोबर युरोपात जाण्याचे ठरल्यामुळे त्याने नोकरी सोडली होती आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आल्यावर पुन्हा जायचे नाही असा त्याचा विचार होता. पण आईने, अंगावर घेतलेले काम नीट संपवून ये, म्हणून परत पाठविले. पत्रा वाकविण्याच्या यंत्रावरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. आयोमीला त्या यंत्रावर उभे करण्यात आले. सवय नसलेल्या त्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोके तोडली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या दांडीवर तारा दाबण्याचा हात तोच होता. आता वाजविणे विसरा, असेच त्याला सांगण्यात आले.

पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे. कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या रोमा गिटारवादकाची तबकडी आणून ऐकविली. राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ सालच्या आगीत निकामी झाली होती आणि तरीही तो युरोपातील पहिल्या प्रतीचा वादक ठरला होता. आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडविली, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चढविले. नेहमीच्या तारा दाबताना दुखत, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावून पाहिल्या. पुढे १९७१ सालच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तारा सैल करून सूरच खाली उतरविले. हेवी मेटलचा तो जड, खर्जातला, दबा धरून येणारा नाद पुष्कळ अंशी या दोन जायबंदी बोटांच्या सोयीसाठी निर्माण झाला. हातांनी घडविण्याचे, जमवून घेण्याचे हे कसब अर्थात कारखान्यातलेच. चांगला जोडारी जसा हाताशी असलेल्या वस्तूंतून अडलेले यंत्र चालू करतो, तसा या मुलाने आपला हात चालू केला.

परंतु या प्रसंगाकडे 'इष्टापत्ती' म्हणून पाहण्याची जी रूढी पडली आहे, ती क्रूर आहे. न शिकविता एखाद्याला प्रेसवर उभे करणे हा कारखान्याचा निष्काळजीपणा होय. त्या काळी मिडलंड्समध्ये बोटे गमावलेली माणसे गल्लोगल्ली भेटत. त्यांतील एकाची बोटे जगाला ठाऊक झाली. बाकीच्यांनी आपापल्या हातांनी जमेल ते काम केले, आणि त्यांच्या अपघातांतून कोणता संगीतप्रकार जन्मला नाही. शिवाय ज्या आरोग्यसेवेच्या रुग्णालयात फी न भरता उपचार होत होते, तिचा उल्लेख या कथेत सहसा कोणी करीत नाही.

आयोमी आणि ड्रमवादक बिल वॉर्ड त्यानंतर उत्तरेकडील कार्लाइल येथील 'मिथॉलॉजी' नावाच्या बँडमध्ये होते. अमली पदार्थांच्या प्रकरणात दंड झाला, कार्यक्रम मिळेनासे झाले आणि १९६८ च्या उन्हाळ्यात दोघे बर्मिंगहॅमला परतले. गायकाचा शोध सुरू झाला. एका वाद्यदुकानात त्यांना एक चिठ्ठी दिसली. ऑझी नावाचा गायक काम शोधीत होता आणि त्याच्याजवळ स्वतःची ध्वनिक्षेपण-यंत्रणा होती. आयोमीला शाळेतला एक ऑझी आठवत होता. एक वर्ष मागे असलेल्या त्या पोराला त्याने पुष्कळ छळले होते, आणि त्याला गाता येत असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. पण चिठ्ठीतले निर्णायक शब्द गाण्याविषयीचे नव्हतेच. ते यंत्रणेविषयीचे होते. मायक्रोफोन, ध्वनिवर्धक, कर्णे हे भांडवल ज्याच्याकडे, त्याला बँडमध्ये जागा, असा तो सरळ व्यवहार होता. हे भांडवल आले कोठून? रात्रपाळीला जाणाऱ्या वडिलांनी सुमारे अडीचशे पौंडांचे कर्ज काढून ते मुलाला घेऊन दिले होते. मुलाचा दंड भरायला ज्याने नकार दिला, तोच हा बाप. भरवशाचा पगार असल्याखेरीज अशा माणसाला कोणी कर्ज दिले नसते, आणि त्यानेही ते काढले नसते. आयोमीची पहिली गिटारही आईने टपाली विक्रीच्या यादीतून हप्त्याने घेतलेली होती. कामगाराच्या घरात हप्त्याने वस्तू येऊ लागणे हे पूर्ण रोजगाराचेच दुसरे अंग होते.

चौथा बटलर हा हिशेबनीस होण्याची उमेदवारी करीत होता. त्याने हाती असलेली गिटार सोडून बास गिटार घेतली, आणि पुढे जवळजवळ सगळी गीतरचना त्याच्याकडेच आली. प्रारंभी आणखी दोघे, एक सॅक्सोफोनवाला आणि एक गिटारवाला, होते; ते लवकरच गळाले. बँडचे पहिले नाव 'पोल्का टल्क ब्लूज बँड' असे विचित्र होते. ते टाल्कम पावडरीच्या डब्यावरून घेतले असे कोणी सांगतो, तर ॲस्टनमधील एका भारतीय वा पाकिस्तानी माणसाच्या कापडदुकानावरून, असे कोणी. दुसरी आख्यायिका खरी नसली तरी शक्य कोटीतली आहे. मिडलंड्सच्या ओतशाळांना इंग्लिश माणसे पुरत नव्हती म्हणूनच पंजाब आणि मीरपूरकडील माणसे तेथे आली होती, त्यांच्यामागून दुकाने आली. याच वर्षी, २० एप्रिल १९६८ रोजी, याच शहरात इनॉक पॉवेल यांनी परदेशीयांविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण केले. ज्या तेजीने स्थलांतरितांना नोकऱ्या दिल्या, तिनेच गोऱ्या पोरांना नोकऱ्या सोडण्याची मोकळीक दिली, हे त्या भाषणाला टाळ्या वाजविणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

नाव बदलून 'अर्थ' म्हणजे पृथ्वी असे झाले. १९६८ च्या डिसेंबरात आयोमी बँड सोडून 'जेथ्रो टल' या त्या वेळी वर येत असलेल्या वाद्यवृंदात गेला आणि रोलिंग स्टोन्सने आयोजित केलेल्या एका चित्रमुद्रणात त्यांच्याबरोबर वाजवूनही आला. थोड्याच दिवसांत तो परतला. तेथे त्याने एक गोष्ट पाहिली होती: यशस्वी होऊ पाहणारी माणसे सकाळी नऊला तालमीला बसतात. परत येताच त्याने हाच नियम आपल्या मित्रांना लावला. ॲस्टन परिसरातील एका समाजकेंद्रात जागा घेतली. मोटार चालविण्याचा परवाना त्याच्या एकट्याजवळ. तेव्हा सकाळी व्हॅन काढून तो एकेकाला अंथरुणातून उठवून आणीत असे. कारखान्याची पाळी चुकविण्यासाठी ज्यांनी गिटार धरली, त्यांनी गिटारीलाच पाळी लावली! हेवी मेटलचे वाङ्मय काढणारे लोक बंडखोरीविषयी फार लिहितात. घड्याळाविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

या समाजकेंद्राच्या समोर एक चित्रपटगृह होते. १९६३ सालचा, बोरिस कार्लॉफची भूमिका असलेला 'ब्लॅक सॅबथ' हा भयपट तेथे लागला असता, भिण्यासाठी लोक पैसे मोजतात ही गोष्ट या मुलांच्या ध्यानात आली. मग भीती वाटेल असे संगीत का करू नये? अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला मागणीचा असा अचूक अंदाज घेतल्याबद्दल पूर्ण गुण द्यावेत. बटलर त्या सुमारास होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतील 'मंगळ' वाजवून पाहत असे. त्याच्याच आसपास घोटाळत आयोमीला एक सुरावट सुचली. तिच्यात षड्जावरून एकदम तीव्र मध्यमावर जाणे आहे. युरोपात या स्वरांतराला जुन्या काळी 'सैतानी' म्हणत. आपल्या कानांना तीव्र मध्यम यमनातून संध्याकाळचा प्रसन्न वाटतो. तेव्हा सैतान स्वरात नसून ऐकणाराच्या संस्कारात असतो, असेच म्हणावे लागेल. 'अर्थ' नावाचा आणखी एक बँड असल्याने होणारा घोटाळा टाळण्यासाठी १९६९ च्या ऑगस्टात त्या गाण्याचे नावच बँडला देण्यात आले. सैतानपूजेचा आरोप जन्मभर मागे लागला तो यामुळे. वस्तुतः बटलरच्या गीतांत सैतान येतो तो बहुतेक वेळा सेनापती आणि राजकारणी यांच्याच रूपाने, आणि त्यामागे व्हिएतनामचे युद्ध आहे.

बर्मिंगहॅमच्या स्टेशन स्ट्रीटवर 'द क्राउन' नावाचा पब होता. त्याच्या माडीवर जिम सिम्पसन यांनी 'हेन्रीज ब्लूजहाउस' ही संगीतसभा चालविली होती. तेथे या मुलांना श्रोते मिळाले आणि सिम्पसन यांच्या रूपाने व्यवस्थापकही. मग हँबुर्गच्या 'स्टार-क्लब'मध्ये एकेका दिवसात अनेक सत्रे वाजविण्याची मेहनत झाली. तीत बोटे आणि घसे तयार झाले. ध्वनिवर्धकांची तर घरबसल्या सोय होती. लिंडन लेनी या स्थानिक वादक-तरुणाने १९६७ साली वडिलांच्या गॅरेजमध्ये ते बनविण्यास सुरुवात केली आणि आयोमी त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला. एकाच धंद्यातील माणसे एका गावात दीर्घकाळ राहिली म्हणजे त्या धंद्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, हवेतूनच मुलांच्या अंगी येतात, असे ॲल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली लिहून ठेवले आहे. (गिटारवाल्यांना ठाऊक असलेले मार्शल ते हे नव्हेत.) लेड झेपलिनमधील रॉबर्ट प्लांट आणि जॉन बॉनम याच प्रदेशातले, 'जुडास प्रीस्ट' हा बँडही येथलाच, १९६९ सालचा. चौघांच्या दैवी प्रतिभेचाच हा खेळ असता, तर एवढी माणसे एकाच वेळी एकाच तालुक्याएवढ्या मुलखातून निघाली नसती.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमधील रीजंट साउंड या ध्वनिमुद्रणगृहात, रॉजर बेन यांच्या देखरेखीखाली, पहिली ध्वनिमुद्रिका एका दिवसात उरकण्यात आली. खर्च सहाशे पौंडांच्या आसपास. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, या मुहूर्तावर ती बाजारात आली. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने तिची टर उडविली. ब्रिटनमधील खपाच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील 'पॅरनॉइड' ही दुसरी ध्वनिमुद्रिका पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पोल्का टल्कपासून येथवर दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत उत्पन्न नगण्य होते आणि उद्या काय होईल हे कोणालाच माहीत नव्हते. पण फसलो तर काय, याचे उत्तर माहीत होते: परत कारखान्यात. ते उत्तर कोणाला हवेसे नव्हते. परंतु ते उपाशी मरण्याचे उत्तर नव्हते. अपयशाची किंमत जेव्हा एवढी थोडी असते, तेव्हाच सामान्य घरातला मुलगा दोन वर्षे पणाला लावतो. ही किंमत वाढली की तो डाव फक्त श्रीमंतांची मुले खेळतात.

या प्रतिपादनावर एक आक्षेप येण्याजोगा आहे आणि तो वजनदार आहे. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधील बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. त्या काळात मिडलंड्सचे कारखाने भराभर बंद पडले आणि १९८३ च्या सुमारास तेथील बेकारी पंधरा टक्क्यांच्या आसपास पोहोचली. तरीही त्याच वर्षांत त्याच शहराने 'यूबी फॉर्टी' हा बँड जगाला दिला. पण त्या नावाचा अर्थ काय? बेकारभत्त्याच्या सरकारी कागदाचा तो क्रमांक आहे! १९७८ साली जमलेल्या त्या मुलांना पगार नव्हता. दर पंधरवड्याला मिळणारा भत्ता होता. थोडक्यात, कारखाना हा काही अपरिहार्य घटक नव्हे. अपरिहार्य आहे ती किमान भाकरीची खात्री, मग ती मजुरीची असो वा भत्त्याची. मात्र पुढच्या चार दशकांत तो भत्ता मिळविण्याच्या अटी एवढ्या कडक होत गेल्या की, आज तो घेऊन कोणाला निवांतपणे तालीम करता येईल असे म्हणवत नाही.

आणि आता त्या शहराचे पाहा. २०१९ साली ब्रॉड स्ट्रीटवरील एका पुलाला 'ब्लॅक सॅबथ' हे नाव देण्यात आले. २०२३ साली बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने या बँडवर नृत्यनाट्य बसविले. २०२५ च्या जूनमध्ये चौघांना शहराचे मानद नागरिकत्व देण्यात आले. हे देणाऱ्या नगरपरिषदेने २०२३ च्या सप्टेंबरात आपण जवळपास दिवाळखोर झाल्याची कायदेशीर सूचना काढली होती, आणि ज्या प्रमुख कलासंस्थांना ती नियमित अनुदान देत असे त्यांचे अनुदान २०२५-२६ साठी शून्यावर आणले होते. नगरपरिषदेला केवळ दोष देणे योग्य होणार नाही. मध्यवर्ती सरकारने वर्षानुवर्षे तिची मदत छाटली होती, आणि तिच्या डोक्यावरचा एक मोठा बोजा स्त्री-कर्मचाऱ्यांना समान वेतन न दिल्याच्या जुन्या थकबाकीचा होता. समान वेतनाचा ब्रिटिश कायदा १९७० सालचा, म्हणजे 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्याच वर्षाचा. लूकसमध्ये राबणाऱ्या ऑस्बोर्नच्या आईसारख्या, हप्त्याने गिटार घेऊन देणाऱ्या आयोमीच्या आईसारख्या बायकांनी हे संगीत आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पोसले. त्यांच्या लेकी-सुनांच्या पिढीचे देणे पन्नास वर्षांनंतरही फिटले नव्हते.

'द क्राउन' २०१४ साली बंद पडला. ॲस्टन आजही गरीबच आहे, कदाचित अधिक. आजच्या सतरा वर्षांच्या मुलाला तेथे काम मिळतच नाही असे नाही. गोदामांत मिळते, घरपोच सामान पोहोचविण्याचे मिळते. २०२४ साली ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक माणसे अशा करारावर काम करीत होती की, ज्यात आठवड्याला किती तास काम मिळेल याची मालकाकडून कोणतीही हमी नसते. उद्याची पाळी आहे की नाही, असल्यास किती वाजता, हे आज संध्याकाळी फोनवर कळते. गिटार आता स्वस्त आहे. ध्वनिमुद्रण तर घरातल्या घरात होते, त्याला सहाशे पौंडही लागत नाहीत. पण चौघांना एकाच सकाळी नऊ वाजता एका खोलीत यायचे असेल, तर त्या चौघांनाही उद्या सकाळी आपण कोठे असणार हे आज ठाऊक असावे लागते.